बाखची नोकरी

लायपझिगची हवा चांगली आहे, अशी तक्रार एका संगीतकाराने २८ ऑक्टोबर १७३० रोजी आपल्या शाळासोबत्याला पत्रातून कळवली. हवा निरोगी म्हणून माणसं कमी मरतात, आणि माणसं कमी मरतात म्हणून अंत्ययात्रेत गाण्याची बिदागी बुडते. आदल्या वर्षी या पायी शंभराहून जास्त थालर (तिथलं चलन) हातचे गेले, असा हिशेबही त्याने मांडला. पत्र लिहिणारा होता योहान सेबास्टियन बाख. वय ४५. त्याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ तोवर लिहूनही झालं होतं आणि चर्चमध्ये गाऊनही झालं होतं.

आपण बाखला ओळखतो ते थोर रचनाकार म्हणून. पण रचना करणं ही त्याची स्वतंत्र नोकरी कधीच नव्हती. कुठे तो ऑर्गनवादक होता, कुठे दरबारी वाद्यवृंदाचा प्रमुख, आणि शेवटची २७ वर्षं शाळेतल्या पोरांना गाणं शिकवून रविवारी चर्चमध्ये गाऊन घेणारा ‘कांटोर’. रचना या नोकरीच्या पोटात आल्या. म्हणून त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर पगार, करार आणि तक्रारअर्ज यांच्या बाजूने जाणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

कांटोरचं काम

मार्टिन ल्यूथरला संगीताचं भारी प्रेम. धर्मशास्त्राच्या खालोखाल मान तो संगीताला द्यायचा. त्यामुळे उत्तर आणि मध्य जर्मनीतल्या ल्यूथरपंथी गावांत चर्च आणि लॅटिन शाळा यांची सांगड पक्की बसली. शाळेत जो गाणं शिकवी, तोच रविवारी पोरांना घेऊन चर्चच्या माडीवर उभा राही. त्यांच्याकडून समूहगान बसवून घेणं, नवं संगीत लिहिणं किंवा कुठून तरी मिळवणं, लग्नाला आणि अंत्यविधीला पोरं पाठवणं, हे सगळं त्याच्याकडे. हा झाला कांटोर.

ऑर्गनवादक हा मोठ्या गावात वेगळा नोकर असे. स्तोत्र सुरू होण्याआधी त्याची नांदी वाजवायची, मग सगळी मंडळी गात असताना साथ धरायची, आणि कांटोरच्या गायकवृंदाला खालून सुरांचा आधार द्यायचा. लहान गावात दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. शिक्षण तर दोघांचं सारखंच होतं: लहानपणी वृंदात गायचं, आवाज फुटला की वाद्याकडे वळायचं, आणि मोठं झाल्यावर पुढच्या पोरांना शिकवायचं.

गोव्याच्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. पंथ वेगळा, कॅथलिक. पण तिथल्या चर्चच्या शाळेतला ‘मेस्त्रे’ हा असाच बहुकामी माणूस. आठवडाभर पोरांकडून सोल्फेजिओ आणि व्हायोलिन घोटून घ्यायचं आणि रविवारी मिस्सेला त्यांना उभं करायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका चर्च-वृंदप्रमुखाचे चिरंजीव. पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात त्यांनी नाव काढलं, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्याने त्यांचं नाव पानाच्या ठेल्यापर्यंत पोचलं.

आवाजावर मिळालेली शिष्यवृत्ती

बाखचा जन्म १६८५चा, आयसेनाख गावातला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या वादकांचं. वडील गावचे नोकरदार वादक. दहा वर्षांचा व्हायच्या आतबाहेर आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि पोर ओरड्रूफला थोरल्या भावाकडे आलं. भाऊ तिथल्या चर्चचा ऑर्गनवादक. कळफलकाचे पहिले धडे त्याने दिले.

१७०० साली, पंधराव्या वर्षी, बाख उत्तरेला ल्यूनेबुर्गला गेला. तिथल्या मिखाएल चर्चमध्ये गरीब घरच्या पण सुरेल मुलांना सकाळच्या उपासनेच्या वृंदात घेत. राहणं, खाणं, शिक्षण आणि वर थोडे पैसे. म्हणजे गळ्यावर कमावलेली ही त्याची पहिली नोकरीच. ती फार दिवस टिकायची नव्हती. आवाज फुटला, आणि काही दिवस त्याच्या गळ्यातून वरच्या सप्तकाबरोबर खालच्या सप्तकातलाही सूर निघायचा, असं त्याच्या मृत्युलेखात सांगितलं आहे. पण वाद्य हाताशी होतं, त्यामुळे तो तिथेच टिकून राहिला.

ऑर्गनवर बसलेला तरुण

चर्चचा ऑर्गन म्हणजे एक इमारतच. शिशा-कथलाच्या आणि लाकडाच्या शेकडो नळ्या, कळफलकांचे दोन-तीन मजले, आणि पायाखाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक फलक. आपल्याकडच्या पायपेटीत वादक भाता स्वतःच पायाने हलवतो. तिथे भाते तुडवायला वेगळी माणसं लागत, कारण वादकाचे पाय मंद्रातले सूर वाजवण्यात गुंतलेले.

१७०३च्या जुलैत आर्नस्टाट गावाने नवा ऑर्गन तपासायला बाखला बोलावलं. वय १८. तपासणी केली, वाजवून दाखवलं, आणि महिन्याभरात तिथेच नेमणूक पदरात पडली. ऑर्गन तपासणं हा पुढे त्याचा आयुष्यभराचा जोडधंदा झाला. त्याची पद्धत त्याच्या मुलाने सांगून ठेवली आहे: आधी सगळे खुंट ओढून नळ्यांचे सगळे संच एकदम वाजवायचे, म्हणजे वाद्याचं फुप्फुस किती दमदार आहे ते कळतं. कारागिरांना घाम फुटायचा तो इथेच. एकेक संच स्वतंत्र वाजवला तर छान लागतो. सगळे मिळून वारा मागायला लागले की भात्याचं खरं-खोटं बाहेर येतं.

वाद्याशी जमलं, माणसांशी नाही. आर्नस्टाटमध्ये वृंदातली पोरं त्याच्याहून फार लहान नव्हती, काही तर मोठी. गायर्सबाख नावाच्या एका बासूनवाल्याच्या वाद्याबद्दल बाख काहीतरी लागट बोलला. १७०५च्या ऑगस्टमध्ये गायर्सबाख रात्री काठी घेऊन चौकात आडवा आला, आणि बाखने कमरेचं शस्त्र उपसलं. चौकशी झाली. चर्चच्या वरिष्ठांनी त्याला सुनावलं ते थोडक्यात असं: माणसं अपुरी असायचीच, जुळवून घ्यायला शिक. हा उपदेश त्याने आयुष्यभर ऐकला नाही.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्याने चार आठवड्यांची रजा काढली आणि थोर ऑर्गनवादक बुक्स्टेहूडे यांना ऐकायला ल्यूबेकला गेला. सुमारे ४०० किलोमीटर, तेही पायी. परतला तो जवळजवळ चौपट दिवस लावून. वरिष्ठांनी पुन्हा बोलावलं: रजा एवढी कशी वाढली? आणि स्तोत्राच्या साथीत हे चमत्कारिक पलटे आणि परके सूर कुठून आले, लोक गाताना गोंधळतात? मंडळींना एक ओळ सरळ गाता यावी म्हणून ठेवलेला साथीदार त्या ओळीखाली आपला अभ्यास करत बसला होता. तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

पुढचे मुक्काम भराभर सांगता येतील. १७०७मध्ये म्यूलहाउझेन, वर्षभरात वायमारचा दरबार. वायमारला आधी ऑर्गनवादक, मग १७१४पासून वाद्यवृंदाचा अधिकारी आणि महिन्याला एक कँटाटा, म्हणजे उपासनेत गायची रचना, लिहिण्याची जबाबदारी. वरची जागा रिकामी झाली तेव्हा डावललं गेलं. दुसरी नोकरी पाहून हट्टाने राजीनामा मागितला, तर ड्यूकने ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १७१७ कोठडीत ठेवलं आणि मग हाकललं. त्यानंतर क्योटेनचा हौशी राजपुत्र लेओपोल्ड. वर्षाला ४०० थालर, उत्तम वादक, पण राजघराणं काल्व्हिनपंथी असल्याने चर्चमध्ये मोठ्या संगीताला वाव नाही.

तिसरी पसंती

१७२२च्या जूनमध्ये लायपझिगच्या सेंट थॉमस शाळेचा कांटोर कूनाउ वारला. नगर परिषदेला हवा होता संगीतकार टेलेमान. हॅम्बुर्गने पगार वाढवला आणि तो तिथेच राहिला. मग ग्राउप्नर; त्याला त्याच्या राजाने सोडलं नाही. उरला बाख. उत्तम माणसं मिळत नसतील तर मध्यम घ्यावी लागतील, असा शेरा परिषदेतल्या एका सदस्याच्या नावावर कायमचा चिकटला आहे. त्याला हसणं सोपं आहे. पण परिषदेला शाळामास्तर हवा होता, आणि टेलेमान काय, बाख काय, मास्तरकी कुणालाच नको होती.

दरबारी वृंदप्रमुखाने शाळेचा कांटोर होणं ही उतरंड होती, हे बाखला ठाऊक होतं. त्या १७३०च्या पत्रात तो म्हणतो की निर्णय घ्यायला तिमाही घालवली. मुलांना विद्यापीठाच्या गावात शिकता येईल म्हणून शेवटी होकार दिला. घरात आणखी एक किंमत मोजली गेली, तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. दुसरी बायको आना माग्डालेना क्योटेनच्या दरबारात पगारी गायिका होती. लायपझिगच्या चर्चमध्ये बायकांनी गायचं नव्हतं. वरचे सूर पोरांचे. तिची नोकरी संपली आणि नवऱ्याच्या रचनांच्या नकला उतरवणं सुरू झालं.

५ मे १७२३ला करारावर सही झाली. कलमं वाचण्यासारखी आहेत. मुलांना गायन आणि वादन दोन्ही शिकवायचं, म्हणजे बाहेरून वादक आणायचा खर्च वाचेल. चर्चमधलं संगीत फार लांबवायचं नाही, आणि ते ऑपेरासारखं वाटता कामा नये. महापौरांच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. लॅटिन शिकवण्याचं कामही गळ्यात होतं. ते बाखने वर्षाला ५० थालर देऊन एका सहकाऱ्यावर ढकललं. मूळ पगार शंभराच्या आसपास, बाकी सगळं लग्नं, अंत्यविधी आणि पोरांनी दारोदार गाऊन आणलेल्या पैशातला वाटा. सगळं धरून सातशेपर्यंत जाई.

ऑर्गनवादक म्हणून त्याची नेमणूक इथे नव्हती. ती माणसं वेगळी. जर्मनीतला सगळ्यात नामांकित ऑर्गनवादक शेवटची २७ वर्षं ऑर्गनच्या नोकरीवाचून होता.

शाळेतला आठवडा

शाळेत पन्नासेक निवासी मुलं होती. कांटोरचं घर त्याच इमारतीत. चार आठवड्यांतून एक आठवडा देखरेखीची पाळी: पहाटे उठवणं, प्रार्थना, जेवणं, रात्री दिवे मालवले की नाही ते बघणं. रोजचे गाण्याचे तास वेगळे. या पोरांतून गावातल्या चार चर्चसाठी चार वृंद पाडायचे. पहिल्या, सगळ्यात तयार वृंदाने आलटून पालटून एका रविवारी सेंट निकोलस आणि पुढच्या रविवारी सेंट थॉमस सांभाळायचं, आणि बाखच्या नव्या रचना गायच्या त्या याच वृंदाने.

पहिली काही वर्षं दर रविवारी नवा कँटाटा, सुमारे वीस मिनिटांचा, साधारण प्रवचनाच्या आधी. सण धरले तर वर्षाला साठेक. आगमनकाळाचे आणि उपवासाचे काही रविवार तेवढे सुटीचे. सगळंच नवं नसे, जुनंही नव्याने वापरलं जाई. तरी १७२३ ते १७२५ या दोन वर्षांतला वेग पाहून आजही अभ्यासक चक्रावतात.

आठवडा असा जाई. बाख संहिता घेऊन मूळ लेखन करी. ते कागद ओले असतानाच जणू एखादा तयार विद्यार्थी त्यातून गायकांचे आणि वादकांचे स्वतंत्र पाठ उतरवायला बसे. दुसरी पोरं त्या पाठांच्या आणखी प्रती काढत. त्यांत मुलगे असत, कधी बायको. मग बाख ते तपासून चुका दुरुस्त करी. यात एक गोम होती. चर्चचा ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर वर लावलेला असे. वादकांची पट्टी खाली, ऑर्गनची वर. म्हणून ऑर्गनवाल्याचा पाठ एक स्वर खाली उतरवून लिहावा लागे. शुक्रवारी रात्री दमलेल्या पोराने नुसती नक्कल केली, तर रविवारी सकाळी सगळं चर्च बेसूर. जुन्या प्रतींत ऑर्गनचा पाठ असा वेगळ्या स्वरात दिसला, की हा पाठ लायपझिगच्या वापरासाठी लिहिला असावा, असा माग अभ्यासक काढतात. तालीम बहुधा एकच, शनिवारी. रविवारी सकाळी सातला उपासना सुरू.

सतरा, वीस, सतरा

१७२९च्या वसंतात नवी मुलं घ्यायची होती. बाखने एकेकाचा आवाज ऐकून यादी केली: याचा आवाज चांगला, याचा दमदार, याला संगीतात गती नाही. त्याने नापास केलेल्यांतलीही काही मुलं परिषदेने घेतली. शाळा धर्मादाय होती, अनाथ आणि गरीब मुलांना आसरा देणं हेही तिचं काम. पण कांटोरच्या वृंदाला त्याचा काय उपयोग?

पुढच्या वर्षी परिषदेत त्याच्याबद्दल ओरड झाली. काम करत नाही, तास घेत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, सुधारण्यापलीकडचा माणूस आहे, उत्पन्न कापा. २३ ऑगस्ट १७३०ला बाखने जे निवेदन दिलं, त्यात माफी नाही, हिशेब आहे. प्रत्येक वृंदाला निदान १२ गायक हवेत, चारही आवाजांचे तीन-तीन. कारण कुणी ना कुणी आजारी पडतंच, मग दोघांवर तरी निभावतं. १६ असले तर उत्तम. वादक निदान १८ हवेत. परिषद पगार देते आठांना, आणि त्यांच्या दर्जाबद्दल बोलायला आपल्याला सभ्यता आड येते. शेवटी शाळेतल्या मुलांची मोजणी: कामाची १७, अजून तयार न झालेली २०, निरुपयोगी १७. बेरीज ५४. कामाच्या मुलांची नावंही दिली आहेत. बाकीच्यांचीही दिली आहेत. हे मास्तर म्हणून मला काही बरं वाटत नाही.

या आकड्यांवर आजही वाद आहे. १९८१मध्ये अमेरिकन संचालक जोशुआ रिफ्किन यांनी मांडलं की बारा जणांची यादी ही उपलब्ध मुलांची आहे. प्रत्यक्षात कँटाटा गाताना एका आवाजाला बहुधा एकच गायक असे. पुरावा म्हणून त्यांनी उरलेले पाठ दाखवले, कारण बहुतेक वेळा प्रत्येक आवाजाची एकच प्रत सापडते. विरोधक म्हणतात, एका कागदात तिघांनी डोकावून गायलं असेल. कानाला फरक मोठा पडतो. एकेकाच्या आवाजात शब्द स्वच्छ येतात, जलद जागा मोकळ्या होतात. साठ-सत्तर जणांच्या वृंदात भव्यता येते, पण ती बाखच्या माडीवर मावली नसती.

हाताने, पायाने, मानेने

तेव्हा संचालकाच्या हाती आजच्यासारखी काडी नव्हती. बाख वृंद कसा चालवत असे याचं एक वर्णन शाळेचे मुख्याध्यापक गेस्नर यांनी लिहून ठेवलं आहे. गंमत म्हणजे ते सापडतं १७३८मध्ये छापलेल्या क्विंटिलियनच्या लॅटिन ग्रंथाच्या तळटीपेत. तीस-चाळीस वादक-गायक समोर. याला मानेने खूण, त्याला पायाने ताल, तिसऱ्याला बोटाने ताकीद. कुणाला वरचा सूर देतो, कुणाला खालचा, कुणाला मधला. स्वतःचं काम सगळ्यांत अवघड असूनही कुठे चुकलं ते लगेच टिपतो आणि सगळ्यांना ताब्यात ठेवतो.

गेस्नर १७३० ते १७३४ एवढीच वर्षं होते, आणि बाखचे लायपझिगमधले शाळेपुरते बरे दिवस तेवढेच. त्यांनी इमारतीवर मजले चढवले, कांटोरची बाजू घेतली. नंतर आलेले एर्नेस्टी वयाने तरुण, भाषापंडित. व्हायोलिनचा सराव करणाऱ्या पोराला ते म्हणत म्हणे की तुलाही गुत्त्यात फिडल वाजवायचंय का? १७३६मध्ये वृंदाचा विद्यार्थी-नायक कुणी नेमायचा यावर दोघांची जुंपली, आणि बाखने मुख्याध्यापकांच्या माणसाला उपासना चालू असताना माडीवरून घालवून दिलं. अर्जांवर अर्ज गेले. बाखचं मन तोवर शाळेतून निघालंच होतं. १७२९पासून तो त्सिमरमानच्या कॉफीगृहात विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाची मैफल चालवत होता.

शिकवायची रीत

वर्गातल्या पोरांवर वैतागणारा हा माणूस खासगी शागिर्दांना मात्र हवाहवासा वाटे. क्रेब्स, किर्नबर्गर, आग्रिकोला ही नावं पुढे मोठी झाली. सुरुवातीला कित्येक महिने नुसती बोटांची तयारी. कंटाळा येऊ नये म्हणून त्याच सरावाला छोट्या रचनांचं रूप. त्याच्या ‘इन्व्हेन्शन्स’च्या मुखपृष्ठावर हेतू छापील करारासारखा लिहिला आहे: दोन आणि तीन स्वरधारा स्वच्छ वाजवता याव्यात, आणि मुख्य म्हणजे वादन गायनासारखं व्हावं. रचना शिकवताना कोरड्या नियमांऐवजी स्तोत्राची चाल घ्यायची, तिच्याखाली आधी मंद्राची ओळ लिहायची, मग मधले आवाज भरायचे. मधल्या आवाजालाही गाता येईल अशी ओळ हवी. आल्टो गाणाऱ्या पोराला तासभर एकच सूर धरून बसवायचं नाही. वर्षानुवर्षं वृंद सांभाळलेल्या माणसालाच हे सुचावं.

खुर्ची

८ जून १७४९ला, बाख जिवंत आणि नोकरीत असताना, परिषदेने त्याच्या जागेसाठी गोटलोब हारर नावाच्या उमेदवाराची चाचणी उरकून घेतली. दृष्टी अधू झाली होती. १७५०च्या मार्च-एप्रिलमध्ये जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज वैद्याने डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली, आणि २८ जुलैला बाख गेला. हारर रुजू झाला. आना माग्डालेनाने वाट्याला आलेले कँटाटांचे पाठ शाळेला दिले. ती १७६०मध्ये धर्मादायावर जगत वारली.

शाळेने ते कागद टाकले नाहीत. १७८९मध्ये मोत्सार्ट लायपझिगला आला तेव्हा वृंदाने त्याला बाखचं एक मोटेट (समूहगान) ऐकवलं. एकत्र लिहिलेली प्रत नव्हती, म्हणून त्याने सुटे पाठ मागून घेतले आणि गुडघ्यांवर, शेजारच्या खुर्च्यांवर पसरून वाचत बसला, अशी हकिकत आहे. तेव्हाचा कांटोर डोलेस हा बाखचाच शिष्य. खुर्ची अजून आहे. २०२१पासून तिच्यावर आंद्रेआस राइत्से आहेत, बाखनंतरचे अठरावे. शाळेची मुलं शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी सेंट थॉमसमध्ये गातात, आणि कांटोरला अजूनही दरवर्षी नव्या मुलांचे आवाज ऐकून निवड करावी लागते.